पंचांगात नसलेलं ग्रहण

२८ मे २०२०, गुरुवार

मेल आला! तीनदा वाचला. मुलाखत ५ जूनला, शुक्रवारी, दुपारी तीन वाजता, ऑनलाइन. पीएच.डी.ची एकच जागा, फिजिक्सची, आणि यादीत आम्ही चौघं. कॅमेरा चालू हवा, आवाज स्पष्ट हवा, खोलीत दुसरं कुणी नको. हे शेवटचं ठळक अक्षरात.

खोलीत दुसरं कुणी नको! हे कुणाला सांगतायत, तर मारेगावच्या पुढे नऊ किलोमीटरवर सासरी बसलेल्या, पाचवा महिना लागलेल्या बाईला. या घरात दिवसा दार लावलं तर त्याचे दोनच अर्थ. भांडण झालं, नाहीतर कुणी आजारी पडलं. आणि आई (सासूबाई) तर मला दिवस गेल्यापासून हाताच्या अंतरावर असतात. न्हाणीत गेले तरी बाहेरून हाक, "अर्पिता, हायेस न वो?" आहे ना. जाणार कुठे?

अमरला सांगितलेलं नाही. लॉकडाउन लागल्यापासून तो पुण्यात अडकलाय. मार्चमध्ये मी अर्ज भरला तेव्हा म्हणाला होता, "आत्ता कशाला? डिलिव्हरी होऊ दे, मग बघू." माझ्या ताईचं असंच एक "मग बघू" आहे, ते आता अकरा वर्षांचं झालं. ही जागा गेली तर दुसरी येणार नाही. हे मला पक्कं माहीत आहे, आणि हे मी फक्त इथे लिहू शकते.

३० मे

जागा शोधतेय. गोठ्यात रेंज नाही. गच्चीवर रेंज आहे पण पंचेचाळीस डिग्रीत लॅपटॉप आधी मरेल की मी, सांगता येत नाही. शाळेत पुण्या-मुंबईहून आलेली माणसं क्वारंटाइन. रेंज म्हणाल तर माझ्याच खोलीच्या खिडकीत. दोन दांड्या, कधीमधी तिसरी.

मारेगावला मैत्रिणीकडे जाऊन येते म्हटलं. आई म्हणाल्या, "या उन्हात? या दिवसात? या कोरोनात?" एका दमात तिन्ही. संपला विषय.

चिडचिड होते. त्या वाईट नाहीत, तीच तर पंचाईत आहे! वाईट असत्या तर भांडले असते.

१ जून

युक्ती सापडली!!

रात्री फोनवर ग्रहणांची यादी चाळत होते. एम.एस्सी.पासूनची खोड. ५ जून, छायाकल्प चंद्रग्रहण. रात्री सव्वाअकराला लागणार, अडीचला सुटणार. छायाकल्प म्हणजे ग्रहण म्हणायलाही जिवावर यावं असं ग्रहण. पृथ्वीची सावली दुपदरी असते, मधे गडद, भोवती फिकट. यात चंद्र नुसत्या फिकट भागातून जातो. घास नाही, डाग नाही. जरासा मळकट होतो, तोही ज्याला आधीच माहीत आहे त्यालाच वाटतो. म्हणून पंचांगवाले हे धरतच नाहीत. वेध नाहीत, स्नान नाही, दान नाही.

पण समजा, वेध धरले तर? चंद्रग्रहणाचे वेध नऊ तास आधी लागतात. सव्वाअकरामधून नऊ गेले, सव्वादोन. मुलाखत तीनला!

सकाळी आई पोळ्या लाटत होत्या. मी म्हटलं, पाच तारखेला चंद्रग्रहण आहे, पोटुशी बाईनं वेध लागल्यापासून बंद खोलीत बसायचं असतं. एकटीनं. बाहेरून कुणी हाकही मारायची नाही. (एकटीनं आणि हाक, ही दोन्ही माझ्या पदरची.)

आईंचं लाटणं थांबलं. "पुनवेचं गिराण?" त्यांनी मामाजींना हाक मारली. मामाजी म्हणजे सासरे, विठ्ठलराव. ते खिळ्यावरचं पंचांग काढून चष्मा लावून वाचायला लागले. "हे पाह्य, खाली लिवलं हाय. छायाकल्प. पाळू नये." मग आईंकडे बघून हळूच म्हणाले, "अजूनबी तसंच लिवते." अजूनही म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. मला घाई होती.

मी म्हटलं, "पंचांगानं धरलं नाही म्हणून काय झालं? सावली तर पडतेच ना, आई!"

यात एक अक्षर खोटं नाही. सावली पडते. कुठल्याही प्राध्यापकाला विचारा.

आई माझ्याकडे बघत राहिल्या. तव्यावरची पोळी करपली. मग म्हणाल्या, "तू शिकलेली हाय बाई. तुले मालूम अशीन."

खोलीत येऊन उशीत तोंड घालून हसले. विज्ञानाच्या नावानं अंधश्रद्धा पसरवली मी! आमच्या सरांनी ऐकलं असतं तर डिग्री काढून घेतली असती.

५ जून, वटपौर्णिमा

सव्वादोनला दार बंद. खिडकीला आईंनी ओलं लुगडं लावलं. मी ते अर्धं सरकवलं, रेंजसाठी. तीन वाजता तिघं पडद्यावर आले. पंचेचाळीस मिनिटं! पहिला प्रश्न घसरला, दुसऱ्यापासून पकड आली. शेवटी त्यांतल्या मॅडम हसून म्हणाल्या, तुमच्याकडे फारच शांतता आहे हो.

शांतता होतीच. गाईच्या गळ्यातली घंटाही आईंनी काढून ठेवली होती. हे मला नंतर कळलं.

रात्री अडीचपर्यंत मी आत, आई दाराबाहेर. पाठ दाराला लावून बसलेल्या. मला त्यांचं पुटपुटणं ऐकू येत होतं. उठून म्हणावंसं वाटलं, आई, जा झोपायला, बाहेर काहीच होत नाहीये. नाही म्हटलं. एवढं पाळलंय तर पूर्ण पाळू दे, नाहीतर संशय येईल.

८ जून

झाली! निवड झाली! संमती १० जुलैपर्यंत कळवायची. काम ऑगस्टपासून, सुरुवातीला घरूनच. बाळाचं त्यांना कळवलं होतं, त्यावर उत्तर एका ओळीचं, हरकत नाही, अभिनंदन दोन्हींसाठी.

कुणाला सांगू? भिंतीला सांगितलं.

१२ जून

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतंय, एका महिन्यात तीन ग्रहणं, जगबुडी. ५ जून, २१ जून, ५ जुलै. कांताबाई शेजारणीनं आईंना मोबाईलवर वाचून दाखवलं. आईंनी तारखा खडूनं दाराच्या मागे लिहिल्या. तिन्ही पाळायची. मी म्हटलं, पाच जुलैचं तर आपल्याकडे दिसणारच नाही, चंद्र मावळलेला असेल.

"नाई दिसलं तरी सावली त पडतेच न," आई म्हणाल्या.

माझंच वाक्य. घ्या! आपल्या हातानं पायावर धोंडा म्हणतात तो हाच. २१ तारखेचं सूर्यग्रहण मला अंगणात, कडुनिंबाखाली बघायचं होतं. त्याच्या पानांच्या फटींतून जमिनीवर शेकडो सूर्य पडतात आणि ग्रहणात त्या सगळ्यांच्या कोरी होतात. आता बसा आत.

२१ जून, रविवार

आजचं आजच लिहून ठेवते.

सव्वादहाच्या सुमारास ग्रहण लागलं. मामाजी सरकी लावायचं काम आज बंद ठेवून ओसरीवर. आई यावेळी आतच आल्या. "या बारीला मी तुह्याजवळ बसतो." दार लावलं, खिडकीला लुगडं. आमच्या खोलीवर कवेलू (कौलं) आहेत, एका फटीतून जमिनीवर रोज रुपयाएवढा उजेडाचा ठिपका पडतो. बाराच्या आधी बघते तर तो ठिपका गोल नाही! कोर! स्वच्छ, धारदार सूर्याची कोर, माझ्या खोलीत, माझ्या पायाशी!

मी ओरडलेच, "आई, बघा बघा, ग्रहण!"

आईंनी बघितलं. आणि अंगावरचा पदर ओढून त्या ठिपक्यावर पडल्या, म्हणजे अक्षरशः पडल्या. उरलेला पदर माझ्या पोटावर दाबून धरला. मी म्हणत होते, काही नाही आई, नुसता उजेड आहे. त्या ऐकत नव्हत्या. रडत होत्या. मी या बाईंना कधी रडताना बघितलं नव्हतं.

मग सांगितलं. माझ्याकडे न बघता.

"अमरच्या पाठीवर मले पोरगी झाली होती. दहा वर्सानं. अमरनं सांगतलं नसन तुले." नाही सांगितलं. "सातवा लागला होता मले. बुद्धजयंतीचा दिवस, मिरवणूक वाजून राह्यली होती. मी अंगणात बसून पावशीवर (म्हणजे विळीवर) वांगे चिरले. चांद निघून राह्यला होता समोर. मले काय मालूम! दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, काल गिराण होतं म्हणून."

मुलगी श्रावणात झाली. वरचा ओठ नाकापर्यंत फाटलेला, टाळूही. दूध ओढता येईना. नऊ दिवस जगली. बाया बघायला यायच्या आणि विचारायच्या, "काय चिरलं होतं वो तू?"

"तुहे मामाजी म्हणत, पंचांगात नोतं, पाळाचंच नोतं, तुहा काय दोस? अठरा वर्सं मी थेच धरून बसली. पंचांगात नोतं, पंचांगात नोतं. मंग तू म्हणली."

पुढचं त्यांनी म्हटलं नाही. मला पाठ आहे.

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. त्याच क्षणी. सांगितलं नाही. डोक्यात पहिलं काय आलं ते लिहून ठेवते, म्हणजे पुढे स्वतःला शहाणी समजणार नाही. डोक्यात आलं, १० जुलै. संमती.

२३ जून

झोप नाही. ग्रहणांची यादी काढून बसले. एक ग्रहण झालं की अठरा वर्षं, दहा-अकरा दिवस आणि आठ तासांनी तसंच दुसरं होतं. तसाच चंद्र, तेवढाच लांब, सावलीच्या त्याच कडेनं. पिढ्यानपिढ्या चालतं हे, बाराशे-तेराशे वर्षं एकेक घराणं. फक्त त्या आठ तासांत पृथ्वी तेवढी फिरलेली असते, म्हणून ते वेगळ्या मुलखात दिसतं.

५ जून २०२० मधून अठरा वर्षं आणि दहा दिवस वजा केले. २६ मे २००२. रविवार, वैशाखी पौर्णिमा, बुद्धजयंती. छायाकल्प.

तेच आहे. त्याच घराण्यातलं. त्या दिवशी इकडे चंद्र उगवला तेव्हा ग्रहण संपायला जेमतेम अर्धा तास उरला होता. आईंनी वांगी चिरली तो अर्धा तास. आणि मी बया त्याचंच पुढचं बोलावून आणलं घरात, दार लावायला मिळावं म्हणून!

२६ जून

आज प्रयत्न केला. कबूल न करता सोडवायचा. (भित्री!)

दुपारी आईंजवळ बसले आणि म्हटलं, आई, बाळाचा ओठ दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच जुळून येतो. नाही जुळला तर तो तेव्हाच राहून गेलेला असतो. सातव्यात तुम्ही वांगी चिरा नाहीतर लाकडं फोडा, त्यानं काहीही होत नाही. डॉक्टरांना विचारा. हे शंभर टक्के खरं आहे.

आईंनी नीट ऐकलं. शेंगा फोडत होत्या, थांबल्या.

"दुसऱ्यात?"

"हो."

"मंग दुसऱ्यात बी एखादं आलं अशीन न, जे पंचांगात नोतं? मले मालूमच नाई असं?"

मी म्हटलं, बघते. बघितलं. श्रावणातल्या बाळाचा दुसरा महिना म्हणजे डिसेंबर. ३० डिसेंबर २००१. छायाकल्प चंद्रग्रहण. दुपारी लागून चंद्र उगवता उगवता सुटलेलं.

फोन पालथा ठेवला. "नाही आई. एकही नव्हतं."

आई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. "नाई म्हणतं त नाई," म्हणाल्या, आणि शेंगा फोडायला लागल्या. त्यांना कळलं होतं. मला खोटं बोलता येत नाही, हे मला आज समजलं. एकदाच जमलं होतं, नको तेव्हा.

२८ जून

आईंनी स्वयंपाक सोडलाय. माझ्या ताटाला हात लावत नाहीत. मामाजी खिचडी टाकतात, खाली लागते, आम्ही तिघं गुपचूप खातो. मामाजी एकदा म्हणाले, "पोरी, तिले काय झालं तुले मालूम हाय काय?" मी मान हलवली. नाही म्हणून.

संध्याकाळी आई दाराशी आल्या. उंबऱ्याच्या बाहेरच उभ्या. "तू माहेरी जाय. अमरावतीले. माह्या सावलीत नोको राहू. तुह्या बाबाले फोन करतो मी."

मला आनंद झाला. लिहिते, लाज वाटली तरी लिहिते. माहेर! माझी स्वतःची खोली, आतून कडी असलेली. ऑगस्टपासून काम, आणि कुणाला काही समजवायची गरज नाही. आता फक्त गप्प बसायचं. मी नुसती गप्प बसले तरी सगळं मिळतं मला.

२ जुलै

बाबांनी ई-पास काढला. सोमवारी, सहा तारखेला, सकाळी आठला गाडी. बॅग भरली.

रात्री अमरचा फोन. "आईला काय झालंय गं? मला म्हणाली, तुह्या लेकराले मी हात नाई लावणार. असं का बोलते ती?" मी म्हटलं, वय झालं त्यांचं. पन्नाशीची बाई! तोही "हं" म्हणाला.

४ जुलै

बॅग दाराशी. त्या खडूच्या तिसऱ्या तारखेकडे नजर जाते. उद्या.

५ जुलै, रविवार, गुरुपौर्णिमा

साडेआठला आईंनी मला आत घालून बाहेरून कडी लावली. ग्रहण सकाळी आठ सदतीस ते अकरा बावीस. चंद्र आमच्या पायाखाली, पृथ्वीच्या पलीकडे. इथे लख्ख ऊन. दिसायला काही नाही, पाळायला काही नाही, आणि आई पुन्हा दाराला पाठ लावून बसलेल्या.

नऊच्या पुढे मला ते सहन होईना. उद्या मी गाडीत बसले की ही बाई जन्मभर अशीच बसणार.

दाराला तोंड लावून म्हटलं, "आई, मी खोटं बोलले होते. पाच जूनचं ग्रहण पाळायचं नव्हतं. पंचांग बरोबर होतं. मामाजी बरोबर होते. माझी त्या दिवशी मुलाखत होती, मला खोली बंद हवी होती, म्हणून बोलले."

पलीकडून आवाज आला, इतका मायेचा की मी खालीच बसले. "माह्या जीवाले बरं वाटावं म्हणून म्हणतं तू. गुणाची हाय. मामाजीबी असंच म्हणत."

"नाही हो आई! खरंच!"

"राहू दे पोरी. निजून राह्य."

मेल दाखवते म्हटलं, दाराखालून फोन सरकवला. त्यांनी तो तसाच परत सरकवला. इंग्रजी. शपथ घेतली. स्वतःची शपथ घेऊ नको, पोटात लेकरू आहे म्हणाल्या. खोटं बोलले तेव्हा देवासारखा विश्वास, आणि आता जीव तोडून खरं सांगतेय तर ते औषधाच्या गोळीसारखं गोड मानून बाजूला! डोकं आपटावंसं वाटलं.

मग सुचलं. सुचलं म्हणण्यापेक्षा, दुसरं काही उरलंच नव्हतं.

मामाजींना हाक मारली. "मामाजी, कडी काढा. मला बाहेर यायचंय." आई ओरडल्या, नोको, अजून सुटलं नाही! मामाजींची पावलं आली, थांबली. त्यांनी किती वेळ विचार केला कोण जाणे. कडी निघाली.

मी अंगणात आले. दहा वाजले होते, ग्रहणाचा बरोबर मधला काळ. सैपाकघरातून पावशी आणली, वांग्यांची टोपली आणली, आणि उन्हात, आईंच्या समोर पाटावर बसले. पोट मधे येत होतं, म्हणून तिरकी. पहिलं वांगं उचललं.

खरं लिहिते. माझा धीर सुटला. एम.एस्सी. फर्स्ट क्लास बाईचा! एक क्षण वाटलं, नको. मग चिरलं. चार फाकी. दुसरं घेतलं.

"अर्पिता! माय वो! ठेव थे!" आई धावत आल्या, माझं मनगट धरलं. नखं रुतली. मी सोडलं नाही.

"आई, यानं काही होतं असं मला वाटत असतं तर मी चिरलं असतं का? माझ्या बाळाच्या जिवावर?"

त्या माझ्याकडे बघत होत्या. मी त्यांच्याकडे. मनगट सुटलं नाही, पण पकड सैल झाली.

"मंग थ्या दिवशी काहून म्हणली तू?"

"दार लावायला मिळावं म्हणून. बस, तेवढंच."

सगळं सांगितलं मग. जागा, मुलाखत, अमरला न सांगितलेलं, संमती. ३० डिसेंबरही सांगितलं. म्हटलं, हो, होतं तेव्हाही एक. ग्रहणं तर दर सहा महिन्यांनी कुठे ना कुठे येतातच, कोणत्याही बाईच्या नऊ महिन्यांत बघितलं तर एखादं सापडेल. कांताबाईच्या चारही पोरांच्या वेळी काढून दाखवते, त्यांचे ओठ बघा. मामाजी पंचांग छातीशी धरून उभे होते. कधी आणलं होतं काय माहीत.

आई खाली बसल्या, मातीतच. मला वाटलं आता रडतील. रडल्या नाहीत. चिडल्या! या घरात येऊन दीड वर्ष झालं, पहिल्यांदा मला शिव्या बसल्या. रांडेपासून सुरुवात. अठरा वर्षांत कशीबशी खपली धरली होती ती उचकटलीस, म्हणाल्या. एक महिना मी दर रात्री त्या पोरीला पुन्हा मारलं, तुझ्यापायी, म्हणाल्या. मामाजी मधे पडायला लागले तर त्यांनाही दोन. आणि मग,

"साधं एक दार मागाले गिराण कायले लागलं तुले?"

मागितलं असतं तर मिळालं असतं का? माहीत नाही. मी मागितलंच नव्हतं. मी त्यांचे पाय धरले, त्यांनी पाय ओढून घेतले आणि आत निघून गेल्या.

वांग्यांची भाजी मामाजींनी केली. तिखट जाळ. आईंनी दिवसभर तोंडात पाणीही घेतलं नाही.

संध्याकाळी संमती पाठवली. आधी अमरला फोन करून सांगितलं, सगळं. तो म्हणाला, "उद्या बोलू," आणि ठेवला. बोलू की मग बघू, ते उद्या कळेल. मला आता कशाचीच भीती उरलेली नाही, फक्त आई बोलत नाहीत त्याची आहे.

६ जुलै

गाडी आठला आली. मी बॅग उचलणार, तर आई बाहेर येऊन ड्रायव्हरला म्हणाल्या, "वापस ने. सातव्यात येजो." माझ्याशी एक शब्द नाही.

दुपारी माझ्यासमोर ताट ठेवलं, स्वतः वाढलं. मी जेवत होते, त्या बाहेर अंगणाकडे बघत बसल्या होत्या. मग एकदम म्हणाल्या, "बाराव्याच्या आंधीच गेली न थे. बारसंच नाई झालं. म्हणून कोणाले सांगतलं नाई मी. तुह्या मामाजीलेबी नाई."

मी घास तसाच धरला.

"रंजिता ठेवणार होती मी तिचं नाव."